टक्के सारखे, बादली वेगळी: प्लास्टिकच्या मिश्रणात आत काय घडतं?

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून देशात एक नियम लागू झाला आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार कठीण पॅकेजिंगमध्ये, म्हणजे बाटल्या, बरण्या, डबे यांत, ३० टक्के प्लास्टिक पुनर्प्रक्रिया केलेलं असायला हवं. हा आकडा दर वर्षी १० टक्क्यांनी वाढत २०२८-२९ मध्ये ६० वर जाणार आहे. दुसऱ्या एखाद्या कायद्यामुळे जिथे असं प्लास्टिक वापरता येत नाही, तिथे सवलतीची सोय आहे. बाकीच्यांना मात्र हे गणित जमवावंच लागेल.

ही बातमी वाचली की घरातल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो टिकाऊपणाचा. भंगारातून बनवलेली बादली चार महिन्यांत कानाशी तडकते, खुर्चीचा पाय मुडपतो, हा अनुभव घरोघरचा आहे. ‘जुनं प्लास्टिक, कस गेलेला’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. ते खरं आहे, पण अर्धंच. अगदी कोरा, न वापरलेला माल घेतला, ८० किलो एका प्लास्टिकचा आणि २० किलो दुसऱ्याचा, आणि तो दोन वेगळ्या मशीनवर मिसळला, तरी एक बादली आपटली तरी टिकेल आणि दुसरी तडकेल असं होऊ शकतं. काटा दोन्हीकडे तेच वजन दाखवेल. फरक असेल तो वीस किलो माल ऐंशी किलोच्या पोटात कसा पसरला, याचा.

पॉलिमरच्या विज्ञानात या आतल्या मांडणीला मॉर्फॉलॉजी म्हणतात. आपण तिला घडण म्हणू. माझं म्हणणं असं की पुनर्वापराची आपली सगळी चर्चा टक्क्यांभोवती फिरते आणि घडणीकडे कुणाचं लक्ष जात नाही. वितळलेला माल साच्यात कसा वाहील आणि तयार वस्तू किती मार सोसेल, हे दोन्ही मोठ्या प्रमाणात तिच्यावर ठरतं.

## एकाच कुळातली, तरी मिसळत नाहीत

छोटा रेणू हजारोंच्या संख्येने एकापुढे एक जोडला गेला की लांबलचक साखळी तयार होते. तिलाच पॉलिमर म्हणतात. दुधाची पिशवी आणि गच्चीवरची पाण्याची टाकी पॉलिएथिलीनची, म्हणजे पीईची. खुर्ची, मायक्रोवेव्हचा डबा, बाटलीची बरीचशी झाकणं पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पीपीची. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजन यांच्याशिवाय काही नाही. फरक एवढाच की पीपीच्या साखळीत एकाआड एक कार्बनला एका कार्बनचा छोटा फाटा असतो.

इतकं जवळचं नातं असूनही वितळलेलं पीई आणि वितळलेलं पीपी एकमेकांत विरघळत नाहीत. कारण समजायला परातीत वाटीभर लाल आणि वाटीभर पांढरे मणी ओतून पाहा. परात हलवली की ते आपोआप मिसळतात. लाल एकीकडे आणि पांढरे दुसरीकडे राहण्याच्या मांडण्या मोजक्या असतात, सरमिसळीच्या मांडण्या अगणित. म्हणून सरमिसळच होते. आता तेच मणी हजार-हजाराच्या माळांत ओवा. प्रत्येक मण्याला आपल्या शेजाऱ्याच्या मागे जावं लागतं. शक्य मांडण्यांची संख्या एकदम कोसळते आणि मिसळण्याची नैसर्गिक ओढ जवळपास नाहीशी होते. अशा वेळी लाल आणि पांढऱ्या मण्यांत अगदी किंचित नावड असली, तरी ती माळेच्या लांबीने गुणली जाते आणि तीच जिंकते.

अमेरिकेत पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी स्वतंत्रपणे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणितात मांडलं. फ्लोरींना पुढे १९७४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या गणिताचा निष्कर्ष स्पष्ट आहे: पॉलिमरच्या बहुतेक जोड्या मिसळत नाहीत, मिसळणाऱ्या जोड्या अपवाद असतात. पॉलिस्टायरीन आणि पॉलिफेनिलीन ऑक्साइड ही अशी एक जोडी. ती रेणूच्या पातळीवर खरोखर एकजीव होते आणि १९६० च्या दशकापासून अभियांत्रिकी प्लास्टिक म्हणून विकली जाते.

मग न मिसळणाऱ्या जोडीचं होतं काय? एक प्लास्टिक सलग पसरतं आणि दुसरं त्यात थेंबांच्या रूपात विखुरतं. थंड झाल्यावर ते थेंब तसेच गोठतात. नुसत्या डोळ्यांना वस्तू एकसारखी दिसते, कारण थेंब बहुधा एक ते काही मायक्रॉनचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो.

## दाण्याचा थेंब कसा होतो

प्लास्टिक मिसळण्याचं मशीन म्हणजे एक्सट्रूडर: तापवलेली पोलादी नळी, म्हणजे बॅरल, आणि तिच्यात फिरणारा स्क्रू. आत पडणारा दाणा दोन-तीन मिलिमीटरचा. त्याचा एका मायक्रॉनचा थेंब व्हायचा तर आकार हजारो पटींनी कमी व्हायला हवा. हे काम हळूहळू, नळीच्या सगळ्या लांबीभर होत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग दाणा वितळतानाच, सुरुवातीच्या थोड्या अंतरात उरकतो. मऊ पडलेल्या दाण्यातून पातळ पडदे ओढले जातात. पडद्यांना भोकं पडतात. भोकं रुंदावत जाऊन जाळी उरते, जाळीचे धागे होतात आणि धागे तुटून थेंब पडतात. मिनेसोटा विद्यापीठात ख्रिस मॅकॉस्को यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मशीन मध्येच थांबवून, माल झटकन गोठवून हे टप्पे पाहिले.

पुढे थेंब किती बारीक होणार हे दोन बळांच्या रस्सीखेचीवर ठरतं. स्क्रूच्या फिरण्याने भोवतालचं प्लास्टिक थेंबाला ओढतं, लांबवतं. थेंबाच्या पृष्ठभागावरचा ताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो. ओढ भारी पडली की थेंब तुटतो. केंब्रिजचे जी. आय. टेलर यांनी १९३२ आणि १९३४ मध्ये या प्रश्नाचा पाया घातला. त्यांनी साखरेच्या घट्ट पाकात तेलाचे थेंब सोडले आणि ते प्रवाहात कसे ताणले जातात, कधी तुटतात हे पाहिलं.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची ठरते: थेंबाचा आणि भोवतालच्या मालाचा घट्टपणा. वाहण्याला होणाऱ्या या विरोधाला पुस्तकात श्यानता म्हणतात. दोन्ही साधारण सारखेच घट्ट असले तर थेंब सहज तुटतो. पण थेंब भोवतालच्या मालापेक्षा सुमारे चारपट घट्ट असला, तर नुसत्या घासण्याने तो तुटतच नाही. जागेवर गरगर फिरत राहतो. स्क्रू कितीही जोरात फिरवला तरी तो फक्त जास्त वेगाने फिरतो. असा थेंब तोडायचा तर प्रवाहाने त्याला दोन्ही टोकांना धरून लांबवलं पाहिजे. त्यासाठी जोड-स्क्रूच्या मशीनमध्ये खास आकाराचे मिसळणारे तुकडे बसवतात.

आपल्याकडच्या छोट्या कारखान्यात बहुतेक वेळा एकच स्क्रू असतो आणि त्याचं काम मुख्यतः घासण्याचं. त्यात समजा इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळवून दाबाने साच्यात भरायचं, पातळ वाहणारं पीपी पडलं आणि त्यासोबत ‘एचएम’च्या कुरकुरणाऱ्या पिशव्यांचं पीई. एचएमचं पीई मुळात फार घट्ट. पिशवीची फिल्म वितळलेल्या मालात हवा भरून फुग्यासारखी फुगवतात. तो फुगा टिकावा म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. त्याचे थेंब पीपीत फुटत नाहीत, गोळ्याच राहतात. मालकाने रंग नीट मिसळलेला पाहिला, दाणा चकचकीत आला, म्हणजे माल एकजीव झाला असं होत नाही.

थेंब तुटतात तसे ते एकमेकांवर आपटून पुन्हा जोडलेही जातात. माल गरम राहील तितका वेळ ही जोडाजोड चालू असते. मशीन मध्येच थांबलं आणि बॅरलमध्ये माल वितळलेलाच राहिला, तर सुरू केल्यावर पहिल्यांदा येणाऱ्या नगांची घडण आधीच्या नगांपेक्षा भरड असू शकते. कृती तीच, दाणा तोच, पोत मात्र बदललेला.

दुसऱ्या प्लास्टिकचं प्रमाण वाढवत नेलं की एक टप्पा असा येतो की थेंब उरत नाहीत. दोन्ही प्लास्टिकं सलग होतात आणि एकमेकांत गुंतलेली दोन जाळी तयार होतात. हा टप्पा बरोबर ५० टक्क्यांवर येतो असं नाही. जे प्लास्टिक पातळ असतं ते कमी प्रमाणात असूनही सलग पसरू पाहतं आणि घट्ट प्लास्टिकला थेंबांत कोंडतं. म्हणून कागदावर ‘६० टक्के अमुक’ असलं तरी वस्तूचा कणा कोणत्या प्लास्टिकचा, हे त्यावरून कळत नाही.

## घडणीने प्रवाह बदलतो

साधी अपेक्षा अशी की दोन प्लास्टिकांचं मिश्रण त्यांच्या सरासरी घट्टपणाने वाहील. न मिसळणाऱ्या जोड्यांत असं क्वचितच होतं. काही मिश्रणं सरासरीपेक्षा घट्ट वाहतात. काही तर दोन्ही मूळ प्लास्टिकांपेक्षा पातळ! याचं एक कारण थेंबांच्या सीमेवर आहे. दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकमेकींत जेमतेम काही नॅनोमीटर शिरतात, त्यामुळे तिथे गुंता कमी असतो आणि एक थर दुसऱ्यावरून घसरतो. जितके जास्त ताणलेले थेंब आणि थर, तितक्या घसरण्याच्या जागा जास्त.

दुसरा परिणाम लवचिकतेचा. ताणलेला थेंब ओढ संपताच पुन्हा गोल व्हायला बघतो आणि हे काम तो सावकाश करतो. एक्सट्रूडरच्या तोंडाशी ज्या साच्यातून माल बाहेर पडतो त्याला डाय म्हणतात. डायमधून बाहेर पडलेली पट्टी फुगते, ते याने आणखी वाढतं. पाइप किंवा पट्ट्या काढणाऱ्याला हे चांगलंच ठाऊक असतं: नवा लॉट लावला आणि माप बिघडलं. फ्रान्सचे जे. एफ. पॅलिएर्न यांनी १९९० मध्ये एक समीकरण मांडलं. त्याच्या मदतीने वितळलेला माल हळुवार मागे-पुढे हलवून मिळणाऱ्या प्रतिसादावरून आतल्या थेंबांचा आकार आणि सीमेवरचा ताण यांचा अंदाज बांधता येतो. वस्तू न कापता पोटातलं कळण्याचा हा मार्ग मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. अशा हट्टी द्रवांच्या प्रवाहाच्या अभ्यासाशी आपलंही नातं आहे. डॉ. रघुनाथ माशेलकरांचं सुरुवातीचं संशोधन याच क्षेत्रातलं, आणि १९७० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्यावर त्यांनी पॉलिमर अभियांत्रिकीचं काम तिथे रुजवलं.

अगदी थोडं मिश्रणही प्रवाह किती बदलू शकतं याचं उदाहरण फिल्मच्या धंद्यात सापडतं. दुधाच्या पिशवीसारख्या फिल्ममध्ये एलएलडीपीई हे मजबूत, सरळ साखळीचं पीई असतं. ते डायमधून वेगाने काढलं की पृष्ठभाग खरखरीत होतो. कारागीर याला शार्कस्किन म्हणतात. इलाज म्हणून वर्षानुवर्षं फ्लोरिनयुक्त पॉलिमर वापरला गेला, तोही दहा लाख भागांत काहीशे भाग. तो पीईत अजिबात विरघळत नाही आणि इथे नेमका तोच गुण कामाला येतो. त्याचे बारीक थेंब वाहत जाऊन डायच्या पोलादी भिंतीला चिकटतात, तिथे पातळ अस्तर धरतात आणि पीई त्यावरून गुळगुळीत घसरतं. हेच थेंब फिल्मच्या मध्यभागी अडकले असते तर काडीचा उपयोग नव्हता. फ्लोरिनयुक्त रसायनं पर्यावरणात टिकून राहतात, म्हणून आता उद्योग त्यांना पर्याय शोधतो आहे. ती चिंता योग्यच आहे.

याच फिल्ममध्ये थोडं एलडीपीई, म्हणजे पीईचाच दुसरा प्रकार, तोही घालतात. त्याच्या साखळीला लांब फांद्या असतात. ताण पडला की त्या गुंततात आणि माल ताणता ताणता घट्ट होत जातो, म्हणून फुगवलेला फुगा डळमळत नाही. एलएलडीपीई ताकद देतं आणि एलडीपीई काम सुरळीत चालवतं.

## मग एमएफआय कशासाठी असतो?

दाण्याच्या पोत्यावर एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स), म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो याचा आकडा लिहिलेला असतो, तो पाहून माल घेतला की झालं, असं कुणी म्हणेल. एमएफआय मोजतात असा: ठरावीक तापमानाला, पीईसाठी १९० आणि पीपीसाठी २३० अंश सेल्सिअसला, माल वितळवायचा, त्यावर २.१६ किलोचं वजन ठेवायचं आणि छोट्या भोकातून १० मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर येतो ते पाहायचं. चाचणी उपयोगाची आहे, स्वस्त आहे आणि एकाच प्रकारच्या शुद्ध मालासाठी पुरेशी आहे.

मिश्रणासाठी मात्र ती फार थोडं सांगते. ती एकाच, संथ वेगाला मोजलेली असते. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये माल साच्यात त्यापेक्षा कितीतरी पट वेगाने शिरतो, आणि त्या वेगाला थेंब वेगळे वागतात. एमएफआय सारखा असलेली दोन मिश्रणं, एक बारीक थेंबांचं आणि दुसरं भरड गोळ्यांचं, साच्यात आणि वापरात पूर्णपणे वेगळी निघू शकतात.

## मार सोसणं कशावर ठरतं

मजबुती हा शब्द आपण सैल वापरतो. ताठपणा, म्हणजे वाकायला होणारा विरोध, मिश्रणात बऱ्यापैकी प्रमाणानुसार बदलतो. तिथे घडण फार आडवी येत नाही. आपटल्यावर फुटणं आणि ताणल्यावर तुटणं या दोन गोष्टी मात्र जवळजवळ पूर्णपणे घडणीच्या हातात असतात.

शुद्ध पॉलिस्टायरीन काचेसारखं ठिसूळ. त्यात वजनाने पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास रबर नीट बसवलं की फ्रिजच्या आतल्या अस्तरासारखं चिवट प्लास्टिक तयार होतं. त्याला हिप्स म्हणतात. हिप्सचा एक तुकडा हातात घेऊन वाकवून पाहा. वाकलेल्या जागी पांढरी रेघ उमटते. तिथे रबराच्या थेंबांभोवती असंख्य सूक्ष्म फटी उघडलेल्या असतात आणि प्रत्येक फटीच्या दोन कडा प्लास्टिकच्या अतिशय बारीक तंतूंनी बांधलेल्या असतात. एक मोठी तडा जाण्याऐवजी आघाताची ऊर्जा या असंख्य फटी उघडण्यात आणि तंतू ताणण्यात खर्च होते. पांढरेपणा येतो तो या फटींवर प्रकाश विखुरल्याने.

हे साधण्यासाठी हिप्समध्ये थेंब साधारण एक ते काही मायक्रॉनचे लागतात. त्याहून फार बारीक थेंब पॉलिस्टायरीनमध्ये असा उपयोग देत नाहीत. म्हणजे ‘जितकं बारीक तितकं चांगलं’ हा नियम सरसकट लागू पडत नाही. नायलॉनमध्ये चित्र उलटं आहे. तिथे चिवटपणा येतो तो थेंबांमधल्या नायलॉनच्या पातळ भिंती न तुटता घसरल्याने, ताणल्याने. ड्यूपाँटचे सू-हेंग वू यांनी १९८५ मध्ये दाखवलं की दोन शेजारच्या थेंबांमधलं अंतर एका ठरावीक मर्यादेखाली आलं की ठिसूळ नायलॉन एकदम चिवट होतं. त्यांनी अभ्यासलेल्या नायलॉनसाठी ही मर्यादा ०.३ मायक्रॉनच्या आसपास होती. रबर तेवढंच ठेवून थेंब बारीक केले की त्यांची संख्या वाढते, अंतर घटतं आणि तोच माल हातोडा सोसायला लागतो. रबराचा एक ग्रॅमही वाढवावा लागत नाही.

आता भंगारातलं पीपी आणि पीई. इथे पीईचे थेंब पीपीला नीट चिकटलेले नसतात. प्रयोगशाळेत हे पाहायची पद्धत साधी आहे: नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गारठवायचा, मोडायचा आणि मोडलेली बाजू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. दिसतात गुळगुळीत गोल खड्डे, आणि काही खड्ड्यांत सुटे गोळे. थेंब निघाला तो कोणताही तंतू मागे न ठेवता, स्वच्छ सुटून. असा प्रत्येक थेंब म्हणजे वस्तूच्या अंगातलं आयतं छिद्र. ताण आला की तडा एका छिद्रातून दुसऱ्यात जाते. खड्ड्याच्या कडेला ओरबाडल्यासारखे तंतू दिसले, तर पकड चांगली समजायची.

बादली कानाशीच का तडकते, याचंही उत्तर इथे आहे. साच्यात माल शिरतो तेव्हा कानाच्या भोकाभोवती त्याचे दोन प्रवाह होतात आणि पलीकडे पुन्हा भेटतात. शुद्ध पीपीतही हा सांधा थोडा अशक्तच असतो. मिश्रणात प्रत्येक प्रवाहाच्या पुढच्या तोंडाशी थेंब सांध्याला समांतर, चपटे पसरलेले येतात, आणि भेटीच्या जागी पीपी पीपीला मिळण्याऐवजी मध्ये पीईचे पापुद्रे येतात. सगळा भार नेमका त्याच जागी पडतो.

कधीकधी पापुद्रे मुद्दामही हवे असतात. पीईच्या टाकीतून पेट्रोल किंवा सॉल्व्हंटची वाफ झिरपते. नायलॉन ती अडवतं. पीईत नायलॉन बारीक थेंबांत मिसळलं तर वाफ थेंबांना वळसा घालून निघून जाते. म्हणून तिथे कमी ढवळून नायलॉनचे रुंद पापुद्रे भिंतीला समांतर ठेवतात आणि वाफेचा रस्ता लांबवतात. घडण चांगली की वाईट, हे वस्तूकडून काय हवं यावर ठरतं.

## जास्त तापवून, जास्त ढवळून नाही का भागणार?

नाही. पीई आणि पीपी खरोखर विरघळावीत इतकं तापवायला गेलं तर त्याआधी साखळ्याच तुटायला लागतात. जास्त ढवळल्याने थेंब बारीक होतात, पण ते पुन्हा जोडले जाण्यापासून थांबत नाहीत आणि सीमेवरची पकडही वाढत नाही. त्यासाठी मध्यस्थ लागतो. त्याला कंपॅटिबिलायझर म्हणतात: असा रेणू, ज्याचा एक भाग एका प्लास्टिकच्या जातीचा आणि दुसरा भाग दुसऱ्याच्या. तो सीमेवर बसतो, एक पाय इकडे आणि एक तिकडे रोवतो. सीमेवरचा ताण घटतो, थेंब बारीक होतात, दोन थेंब जवळ आले तरी हे रेणू मध्ये येऊन त्यांना जोडू देत नाहीत, आणि थंड झाल्यावर दोन्ही बाजू शिवल्यासारख्या धरून ठेवतात.

नायलॉन आणि पीपीसाठी हा मध्यस्थ मशीनमध्येच तयार करता येतो. पीपीच्या साखळीवर मलेइक अनहायड्राइड चढवलेलं असलं की त्याची नायलॉनच्या टोकाशी वितळलेल्या मालातच रासायनिक प्रक्रिया होते. पीई आणि पीपीच्या साखळ्यांवर असे पकडायला हात नसतात, म्हणून ही जोडी फार काळ अवघड राहिली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या जेफ्री कोट्स आणि फ्रँक बेट्स यांच्या गटांनी पीई आणि पीपीचे आळीपाळीचे चार तुकडे असलेली साखळी बनवली. ती मिश्रणात फक्त १ टक्का घातली आणि जेमतेम ताणताच तुटणारं मिश्रण मूळ लांबीच्या कित्येक पट ताणलं गेलं. बाकीचे ९९ टक्के होते तसेच होते. बाजारात मिळणारे मध्यस्थ इतके नेमके नसतात, जास्त घालावे लागतात आणि दाण्यापेक्षा महाग पडतात. छोट्या कारखानदाराची खरी अडचण ती आहे.

## मिश्रण म्हणजे शेवटी भेसळच ना?

हा आरोप मला पटत नाही. हेल्मेट आणि मिक्सरच्या भांड्याखालचं बाहेरचं आवरण ज्या एबीएस नावाच्या प्लास्टिकचं असतं, ते रबराचे थेंब असलेलं मिश्रणच. बाजारात ‘पीपीसीपी’ म्हणून मिळणारा दाणा, ज्याच्या गाडीच्या बॅटरीच्या पेट्या बनतात, तोही पीपीत रबराचे बारीक थेंब बसवलेला माल आहे. साधं पीपी शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं. हे थेंब ते वाचवतात. फरक एवढाच की इथे घडण ठरवून केलेली आहे आणि भंगारात ती नशिबावर सोडलेली असते.

## आधीच सगळं वेगळं का करत नाहीत?

करतात, आणि ते काम धारावीसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं हातांनी होत आलं आहे. निवडणारी माणसं तुकडा मोडून आवाज ऐकतात, नखाने ओरखडतात, गरज पडली तर पेटवून वास घेतात. पीईला मेणबत्तीचा वास येतो, पॉलिस्टायरीन काळी काजळी सोडतं, पीव्हीसी ज्योत दूर करताच विझतं आणि नाकाला झोंबतं, नायलॉनला जळक्या केसांचा वास. हे ज्ञान फार मोलाचं आहे आणि त्याची किंमत त्या माणसांना मिळत नाही. असा धूर रोज छातीत घेणंही घातक आहे.

पाण्याच्या टाकीत टाकलं की बाटल्यांचं पीईटी बुडतं, कारण त्याची घनता पाण्याच्या १.३८ पटीच्या आसपास. पीई आणि पीपी तरंगतात. पण ही दोन्ही तरंगतात, म्हणून पाण्याने ती एकमेकांपासून वेगळी होत नाहीत. पीव्हीसी पीईटीसोबत बुडतं आणि थोडंसं राहिलं तरी तापल्यावर आम्ल सोडून पीईटी खराब करतं. अवरक्त किरणांची मशीन हे सगळं ओळखतात, पण काळ्या प्लास्टिकपुढे बहुतेकांचा नाइलाज होतो, कारण त्यातली काजळी किरण गिळून टाकते. आणि चिप्सच्या पाकिटासारखे एकमेकांना चिकटवलेले थर तर निवडून वेगळे होतच नाहीत. थोडी सरमिसळ राहणारच, हे धरूनच चालावं लागतं.

## पुन्हा पुन्हा वितळवल्याने काय बदलतं?

प्रत्येक फेरीत पीपीच्या साखळ्या तुटतात, ते पातळ होत जातं, एमएफआय वाढतो. पीईच्या बऱ्याच प्रकारांत साखळ्या तुटण्याबरोबर एकमेकींना जोडल्याही जातात, आणि तो माल उलट घट्ट होऊ शकतो. म्हणजे पातळ पीपी आणखी पातळ, घट्ट पीई आणखी घट्ट. वर पाहिलेली चारपटीची मर्यादा आठवा: दर फेरीत मिश्रण तिच्याकडे किंवा तिच्या पलीकडे सरकतं आणि थेंब तोडणं कठीण होत जातं. ‘कस गेला’ या बोलण्यामागे हा दुहेरी मार आहे. साखळ्या आखूड होतात हे एक, आणि त्यामुळे घडणही बिघडते हे दुसरं.

## मग ३० टक्क्यांचा नियम चुकीचा का?

नियम हवाच. त्याशिवाय पुनर्प्रक्रिया केलेल्या दाण्याला खात्रीचं गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि गिऱ्हाईक नसेल तर चांगलं मशीन, मध्यस्थ, चाचणी यांवर खर्च करायला कुणी धजावणार नाही. पीईटीच्या बाटलीत पीईटीचाच जुना माल घालताना हा न मिसळण्याचा प्रश्न येतही नाही. तिथे प्रश्न शुद्धतेचा आणि साखळीच्या लांबीचा असतो. पीई आणि पीपीच्या डब्या-बरण्यांत मात्र टक्के भरले म्हणून काम झालं असं धरणं धोक्याचं आहे. प्रमाणपत्र दाण्याचं मिळतं. टिकावं लागतं वस्तूला. खरेदी करणाऱ्या कंपन्यांनी एमएफआय आणि टक्के यांच्या जोडीला थंडीतली आघात चाचणी आणि सांध्याची ताकद मागायला सुरुवात केली, तर दाणा बनवणाऱ्यालाही नीट मिसळण्याचा मोबदला मिळेल.

छोट्या मोल्डिंगवाल्याला सूक्ष्मदर्शक परवडत नाही, पण काही गोष्टी त्याच्या हाताशी आहेत. साच्यात माल जिथून शिरतो त्या गेटजवळचा भाग चाकूने तिरका कापून नखाने उचकटायचा. पापुद्रे सुटले तर आत न जुळणारं प्लास्टिक आहे आणि त्याचे थर झाले आहेत. वस्तू रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर काढताच कानाच्या सांध्यावर आपटायची. ऊबेत लपलेला ठिसूळपणा थंडीत लगेच उघडा पडतो. मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं तर पहिले काही नग वेगळे काढून त्यांचीही अशीच परीक्षा घ्यायची. भंगाराचा नवा लॉट लावला की हे सगळं पुन्हा करायचं, कारण त्यात पीई किती आणि ते किती घट्ट, हे दोन्ही बदललेलं असतं.